व्हिडिओ-यादीच्या साधनाचे डॉक्युमेंटेशन एआय एजंटला अपुरे पडते, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

वेंगुर्ले परिसरातले आम्ही काही दशावतारप्रेमी मिळून जत्रांमधल्या दहीकाल्यांच्या (दशावतारी प्रयोगांच्या) चित्रीकरणांची सूची करत आहोत. दशावतार हे कोकणातले लोकनाट्य, त्यात लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, राजपार्ट (राजाची भूमिका) कोण आणि स्त्रीपार्ट (स्त्रीची भूमिका) कोण हे ठरते. संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. त्यामुळे एखाद्या रात्रीचा प्रयोग पुढे कुणाला पाहायचा झाला तर चित्रीकरण हाच आधार. गावोगावच्या हौशी मंडळींनी अशी चित्रीकरणे यूट्यूबवर चढवली आहेत. आख्यान, मंडळ, गाव आणि तारीख यांसह त्यांची नोंद व्हावी म्हणून आम्ही यूट्यूबवरच्या व्हिडिओंची यादी देणाऱ्या आपल्या साधनाची वार्षिक वर्गणी भरली आणि ते एमसीपीमार्फत (एआयला बाहेरची साधने जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने) आमच्या एआय एजंटला, म्हणजे अशी साधने स्वतः वापरून काम करणाऱ्या एआय प्रणालीला, जोडले. जाहिरातीत ‘एजंटसाठी सज्ज’ असे आपण ठळक लिहिले आहे. साधन चालते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याच्या डॉक्युमेंटेशनची, म्हणजे वापराच्या लेखी माहितीची आहे.

साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि पॅरामीटरची (विनंतीसोबत द्यायच्या मूल्यांची) माहिती, एजंटला कळते ते एवढ्यावरूनच. आपल्या वर्णनात एकच वाक्य आहे: ‘चॅनेलचे व्हिडिओ मिळवते.’ किती, कोणत्या क्रमाने, पुढचे कसे मागायचे, याचा उल्लेख नाही. यूट्यूबच्या एपीआयमध्ये (इतर सॉफ्टवेअरने यूट्यूबकडून माहिती मागण्याच्या मार्गात) संख्या दिली नाही तर प्लेलिस्टच्या ५ नोंदी येतात, दिली तर एका पानात जास्तीत जास्त ५०, आणि पुढच्या पानासाठी उत्तरासोबत आलेले टोकन (पुढच्या पानाची खूण) परत पाठवावे लागते. आपले साधन ते टोकन देते, पण त्याचे काय करायचे हे कुठेच लिहिलेले नाही. माणसाला पाचच ओळी दिसल्या असत्या तर त्याने शंका घेऊन शोधाशोध केली असती. एजंटने पाच नोंदी घेतल्या आणि त्या चॅनेलवर पाचच दहीकाले असल्याचे सूचीत लिहून ठेवले.

तारखांचा घोळ आम्हाला जास्त लागला. दहीकाला रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत रंगतो. प्रयोग आटोपताच, उजाडायच्या आत व्हिडिओ चढवणारे बरेच आहेत. यूट्यूब प्रसिद्धीची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देते. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने पहाटे साडेपाचच्या आधी चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओवर आदल्या दिवसाची तारीख पडते. जत्रा तिथीप्रमाणे भरते, आणि कोणत्या गावची जत्रा होती हे आम्ही तारखेवरून ताडून पाहतो. एक दिवस सरकला की गाव चुकते. आपल्या पानावर त्या जागी फक्त ‘तारीख’ लिहिले आहे. ‘वेळ यूटीसीमध्ये’ एवढे दोन शब्द असते तर एजंटने फरक स्वतः जुळवला असता, ते काम त्याला उत्तम जमते.

सर्वांत गंभीर बाब रिकाम्या यादीची. आपल्या साधनात शोध आणि प्लेलिस्ट असे दोन मार्ग आहेत. एपीआयमध्ये दिवसाला किती मागता येईल याचा कोटा ठरलेला असतो, आणि शोधाची एक विनंती त्यातला प्लेलिस्टच्या एका पानापेक्षा कितीतरी मोठा वाटा खाते. खर्चातला हा फरक डॉक्युमेंटेशनमध्ये नाही, म्हणून एजंट दरवेळी शोधच वापरत राहिला आणि आमचा कोटा संपला. त्यानंतर साधनाने त्रुटी कळवायला हवी होती, तर त्याने रिकामी यादी परत केली. एजंटने तिचा अर्थ ‘या मंडळाचे चित्रीकरण उपलब्ध नाही’ असा लावला आणि तशी नोंद केली. ज्यांनी आयुष्यभर स्त्रीपार्ट केला अशा नटांच्या नावापुढे ‘उपलब्ध नाही’ हा शेरा पडला, आणि त्यांचे प्रयोग यूट्यूबवर व्यवस्थित पडून होते! ते नट आता रंगमंचावर येत नाहीत. हा शेरा तसाच राहिला असता तर पुढे कुणी ते प्रयोग शोधायलाही गेले नसते.

यासाठी मोठा ग्रंथ लिहावा लागणार नाही. वर्णन साधारण असे असावे: ‘चॅनेलवरचे सार्वजनिक व्हिडिओ देते, नवे आधी. एका विनंतीत जास्तीत जास्त ५०. उत्तरात पुढच्या पानाचे टोकन असेल तर यादी अपुरी आहे. ते टोकन देऊन पुन्हा विचारा. वेळ यूटीसीमध्ये. संपूर्ण यादीसाठी शोध वापरू नका, प्लेलिस्टचा मार्ग वापरा. कोटा संपल्यास त्रुटी मिळेल. रिकामी यादी म्हणजे व्हिडिओ खरोखर नाहीत.’ शेवटचे वाक्य खरे ठरण्यासाठी साधनातही दुरुस्ती करावी लागेल, ती आधी करा. सोबत एक नमुना विनंती आणि तिचे पूर्ण उत्तर द्या. सध्याच्या पानावरची बटणांची चित्रे एजंटच्या उपयोगाची नाहीत. शोधशब्द फक्त शीर्षकात जुळवला जातो की व्हिडिओखालच्या मजकुरातही, हेही लिहा. आमच्याकडे मंडळाचे नाव बहुधा खालीच असते.

चुकलेल्या नोंदी आणि त्या वेळच्या विनंत्यांचा लॉग सोबत जोडला आहे. कोटा कधी संपला हे त्यात दिसेल. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि रोज नवे व्हिडिओ येऊ लागतात. त्याआधी दुरुस्ती होणार असेल तर तारीख लेखी कळवावी. होणार नसेल तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी.

आपला,
एक वर्गणीदार ग्राहक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग