मदरबोर्ड तुम्ही बदललात, मग दोष लिनक्सचा कसा?

सांगली
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप सेवा विभाग

विषय : वॉरंटीत मदरबोर्ड बदलल्यानंतर लॅपटॉप सुरू न होणे, जॉबशीटवरचा चुकीचा शेरा आणि घेतलेले १,७७० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी सांगलीत अक्षरजुळणी आणि मांडणीचं काम करते. आपल्या कंपनीचा लॅपटॉप मी जानेवारी २०२१ मध्ये घेतला आणि तेव्हाच जादा पैसे भरून पाच वर्षांची वॉरंटीही घेतली. माझं सगळं पोट या एका मशीनवर आहे. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमचा दिवाळी अंकांचा हंगाम. या दोन महिन्यांत एक दिवस वाया गेला तरी छापखान्यातली तारीख हातची जाते.

२ सप्टेंबरला, गौरी विसर्जनाच्या दिवशी, चार्जिंग बंद पडलं. ३ तारखेला सकाळी मी मशीन तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात दिलं. मदरबोर्ड गेलाय, वॉरंटीत बदलून मिळेल, असं सांगितलं गेलं. पाच दिवसांत बोर्ड आला आणि बसला. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

८ तारखेला मी मशीन न्यायला गेले. काउंटरवर बटण दाबलं आणि समोर निळं पान आलं, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की मागणारं. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबंटू लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टम आहेत. बटण दाबलं की आधी ग्रबचा काळा मेनू यायचा आणि मी दोन्हींपैकी एक निवडायचे. तो मेनू आलाच नाही. मी विचारलं तर तुमच्या तंत्रज्ञांनी स्क्रीनकडे एकदा बघून सांगितलं, "मॅडम, तुम्ही लिनक्स टाकलंय ना, त्यामुळे झालंय. सिक्युअर बूट चालू असलं की लिनक्स चालत नाही. फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची जबाबदारी आमची नाही." (सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही असलेलाच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय.) मी फॉरमॅटला नकार दिला. त्यावर 'सॉफ्टवेअर निदान' म्हणून १,५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, असे १,७७० रुपये भरल्याशिवाय मशीन मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. मी पैसे भरले. जॉबशीटवर शेरा आहे : 'हार्डवेअर ठीक. ग्राहकाने अनधिकृत ऑपरेटिंग सिस्टम टाकल्याने बूट होत नाही. फॉरमॅट आवश्यक.'

हा शेरा खोटा आहे. का, ते मी सविस्तर लिहिते. कृपया हे पत्र तांत्रिक समज असलेल्या माणसाच्या हाती जाऊ द्या.

त्या रात्री साडेनऊला मी स्वतः बसले. बिटलॉकरची की ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती मी २०२१ मध्येच कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. ही की का मागितली गेली? विंडोजच्या एन्क्रिप्शनचं कुलूप मदरबोर्डावरच्या टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की चिप बदलते आणि नव्या चिपला जुनं कुलूप उघडता येत नाही. यात लिनक्सचा काडीचा संबंध नाही. बिटलॉकर चालू असेल तर नुसतं विंडोज असलेल्या लॅपटॉपलाही बोर्ड बदलल्यावर हेच पान दिसतं. आणि ज्या ग्राहकाला अशी की असते हेच ठाऊक नाही, त्याला तुमचे लोक फॉरमॅटच सांगत असणार. त्याचे फोटो, त्याचे हिशेब, सगळं जात असणार. मला याचा माझ्या १,७७० रुपयांपेक्षा जास्त त्रास होतो आहे.

की टाकली. विंडोजची खूण दिसली आणि लगेच दुसरा निळा पडदा : इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती डिस्कच विंडोजला सापडत नाही. मी उबंटूचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू केलं आणि डिस्कची यादी मागवली. यादीत फक्त पेनड्राइव्ह. माझी ५१२ जीबीची डिस्क नाहीच. खरं सांगते, त्या क्षणी हातपाय गार पडले. वाटलं, बोर्ड बसवताना डिस्क जळली.

पण लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सुरू होताना काय काय पाहिलं याची नोंद ठेवतो. ती वाचत खाली गेले तर एक ओळ सापडली. अर्थ असा की एक एनव्हीएमई डिस्क दुसऱ्या कंट्रोलरच्या मागे झाकली गेली आहे, ती वापरायची तर बायोसमध्ये रेड मोड बदलून एएचसीआय करा. (एनव्हीएमई हा डिस्कचा प्रकार, बायोस म्हणजे बोर्डावरच्या मूळ सेटिंगची जागा, रेड आणि एएचसीआय या मशीनने डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती.) रोगाचं नाव आणि औषध, दोन्ही त्या एका ओळीत होतं. ज्या उबंटूला तुमच्या केंद्राने दोषी ठरवलं, त्यानेच पाच मिनिटांत खरं कारण सांगितलं.

एफ२ दाबून बायोसमध्ये गेले. स्टोरेजचा मोड रेडवर होता. तुमचे हे लॅपटॉप कारखान्यातून याच मोडमध्ये येतात आणि नवा बोर्डही तसाच आला. माझ्या जुन्या बोर्डावर तो एएचसीआय होता, कारण २०२१ मध्ये उबंटू टाकताना मी विंडोजला सेफ मोडमध्ये नेऊन तो रीतसर बदलला होता. साडेचार वर्षं त्यावर दोन्ही सिस्टम एकदाही न अडखळता चालल्या. मोड परत एएचसीआय केला, की पुन्हा एकदा टाकली आणि विंडोज उघडलं. माझ्या फाइल जागच्या जागी होत्या. मी स्क्रीनवर हात ठेवून दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

राहिला ग्रबचा मेनू. कोणत्या सिस्टमचा बूटलोडर, म्हणजे ती सुरू करून देणारा प्रोग्राम, कुठे आहे याची नोंद डिस्कवर नसते, बोर्डावरच्या स्मृतीत असते. नवा बोर्ड म्हणजे कोरी पाटी. विंडोजची ठरलेली जागा त्याने आपणहून शोधली, उबंटूची नोंद मात्र त्याच्याकडे नव्हती. डिस्कवरच्या ईएफआय विभागात, म्हणजे बूटलोडर ठेवायच्या जागेत, उबंटूचं फोल्डर आणि त्यातला बूटलोडर जसाच्या तसा होता. पेनड्राइव्हवरच्या उबंटूतून ईएफआय बूट मॅनेजरची एक ओळीची आज्ञा दिली, नोंद परत आली, क्रम वर घेतला. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी काळा मेनू समोर होता. सिक्युअर बूट पूर्ण वेळ चालू होतं आणि हे पत्र लिहितानाही चालू आहे. २०१२ पासून उबंटूच्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट त्याला अडवत नाही. बायोसमधला एक मोड आणि एक हरवलेली नोंद, एवढंच काम होतं. तुमच्या तंत्रज्ञांनी यातलं काहीही तपासलं नाही. मग १,७७० रुपयांचं 'निदान' नेमकं कशाचं केलं?

आता हे मशीन फॉरमॅट झालं असतं तर काय गेलं असतं, तेही सांगते, कारण काउंटरवर हा शब्द 'फडकं मारून देतो' इतक्या सहज उच्चारला गेला. माझ्याकडे येणारं जुनं साहित्य युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये असतं. ते उघडायला मला विंडोजवरची जुनी सॉफ्टवेअर लागतात. ते युनिकोडमध्ये आणायचं काम मी उबंटूवर, स्वतः बांधलेल्या तक्त्यांनी करते. रूपांतराच्या तयार साधनांत एक घोळ नेहमी होतो : 'र्य' आणि 'ऱ्य' एकच होऊन बसतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. एका कवितेत तुम्ही दऱ्यांचा दर्या केलात तर कवी दुसऱ्यांदा तुमच्याकडे येत नाही. असे जोड एकेक करून पकडत, प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी वेगळा तक्ता मी चार वर्षांत उभा केला आहे. मी दर रविवारी बॅकअप घेते, त्यामुळे तक्ते वाचले असते. पण ३१ ऑगस्टच्या रविवारनंतर एका ज्येष्ठ लेखकांनी फोनवर बसून दिलेल्या दोन दिवसांच्या दुरुस्त्या फक्त या डिस्कवर होत्या. त्यांना नीट दिसत नाही. नातीकडून वाचून घेऊन ते एकेक शब्द सांगत होते. त्यांना 'पुन्हा सांगा' म्हणायला मला तोंड नव्हतं.

मी मशीन दिलं तेव्हा चार्जिंग बंद असलं तरी बॅटरी ४१ टक्के होती. तुमच्याच जॉबशीटवर तो आकडा आहे. तेवढ्यात मशीन सुरू करून बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर चार फोटो काढणं, ग्राहकाला "रिकव्हरी की जवळ आहे का?" विचारणं आणि नसेल तर बिटलॉकर तात्पुरतं थांबवणं, हे पंधरा मिनिटांचं काम होतं. नवा बोर्ड कारखान्याच्या सेटिंगसह येणार यात कोणाची चूक नाही. पण जुन्या सेटिंग परत लावून देणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

९ तारखेला मी तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावरही फोन केला. तिथल्या ताईंनी सौम्यपणे ऐकून घेतलं, पण शेवटी "फॅक्टरी रिसेट करून बघा" एवढंच सांगितलं. फॅक्टरी रिसेट म्हणजे तेच, सगळं पुसणं. माझ्या वॉरंटीचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकल्यास हार्डवेअरची वॉरंटी जाते, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे 'अनधिकृत' हा शब्द तुमच्या केंद्राने कुठून आणला, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. वॉरंटी जानेवारी २०२६ पर्यंत आहे. हा शेरा तसाच राहिला तर त्याआधी आणखी काही बिघडल्यावर तोच माझ्यापुढे धरला जाईल.

म्हणून माझी मागणी अशी. जॉबशीटवरचा शेरा रद्द करून सुधारित प्रत द्यावी आणि वॉरंटी अबाधित असल्याचं लेखी कळवावं. १,७७० रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करावेत. बोर्ड बदलण्याआधी सेटिंगची नोंद घेणं आणि रिकव्हरी कीबद्दल विचारणं आपल्या सर्व केंद्रांवर सक्तीचं करावं, आणि ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय कोणाचीही डिस्क फॉरमॅट होणार नाही असे आदेश काढावेत. त्या तंत्रज्ञांवर कारवाई करा असं मी म्हणत नाही. मुलगा तरुण आहे, काउंटरवर गर्दी होती. त्याला शिकवा. मी बायोसच्या सेटिंगचे आणि कर्नलच्या त्या ओळीचे फोटो सोबत दिले आहेत, ते शिकवायला वापरले तरी माझी हरकत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि कागद माझ्याकडे सगळे आहेत.

सोबत खरेदीचं बिल, वाढीव वॉरंटीचं पत्र, ३ आणि ८ सप्टेंबरच्या जॉबशीट, १,७७० रुपयांची पावती आणि सहा फोटो जोडले आहेत. फोन करायचा झाल्यास दुपारी दोननंतर करावा. सकाळी मी छापखान्यात असते.

आपली ग्राहक,
(सही)