हार्पसिकॉर्ड म्हणजे कच्चा पियानो नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य वाद्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्रात वाद्यांना इतकी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण त्यात एक वाक्य होतं, ते मनाला लागलं. हार्पसिकॉर्ड हे युरोपातलं पट्ट्यांचं जुनं वाद्य म्हणजे पियानोचं अप्रगत रूप, पियानो आला आणि ते साहजिकच मागे पडलं, अशा अर्थाचं. मी सांगलीत ३८ वर्षं हार्मोनियमच्या पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करतो. माझ्याआधी वडील हेच काम करत. वाद्याचं पोट उघडून बघणं हाच आमचा धंदा, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत लाइपझिगला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे महिनाभर राहून आलो. या गावात थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ ला आले आणि १७५० मध्ये तिथेच वारले. तिथल्या विद्यापीठाचं वाद्यांचं संग्रहालय आहे. मुलीने पहिल्याच आठवड्यात नेलं, पुढे मी एकटाच तीनदा गेलो. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या इटालियन कारागिराने फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी असताना पियानो घडवला. १७०० सालच्या तिथल्या वाद्यांच्या यादीत त्याची नोंद सापडते. त्याच्या हातचे तीनच पियानो आज जगात उरलेत. एक न्यूयॉर्कला, एक रोमला, आणि १७२६ चा एक लाइपझिगला. पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याच संग्रहालयात क्रिस्तोफोरीने त्याच १७२६ साली केलेलं हार्पसिकॉर्डही आहे. म्हणजे पियानो हाती येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी हा माणूस हार्पसिकॉर्ड करतच होता. ज्याने पियानो शोधला त्यालाच जुनं वाद्य टाकाऊ वाटलं नाही, मग ते आपण कसं ठरवायचं?

त्यानंतर एका संध्याकाळी लहानशा सभागृहात हार्पसिकॉर्ड ऐकायला गेलो. वादक बाई सुरुवातीच्या अर्धा तास आधी येऊन स्वतः तारा लावत होत्या. आपल्याकडे तंबोरे जुळवल्याशिवाय कुणी गायला बसत नाही, अगदी तसं. मध्यंतरात मुलीने त्यांना सांगितलं, माझे वडील वाद्यं दुरुस्त करतात. बाईंनी एक शब्द न बोलता वरची दांडी काढली, आतून एक लाकडी पट्टी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

वीतभर लांबीची, फूटपट्टीपेक्षाही अरुंद, हाताला काही लागलं असं वाटूच नये इतकी हलकी. वरच्या टोकाला खाच, खाचेत खिळीवर हलणारी एक जीभ, आणि त्या जिभेतून आडवी बाहेर आलेली पिसाच्या देठाची काडी. हीच नखी. बोटाने पुढची, वाजवायची पट्टी दाबली की हा लाकडी तुकडा वर उठतो आणि काडी तार छेडते. बोट उचललं की तुकडा खाली येतो. आता काडी पुन्हा तारेला लागून दुसऱ्यांदा आवाज यायला हवा, पण तो येत नाही, कारण जीभ मागे झुकते आणि काडी तारेवरून अलगद सरकते. जिभेला परत जागेवर आणायला मागे डुकराचा राठ केस बसवलेला असतो, स्प्रिंगसारखा. शेवटी नमद्याचा बारीक तुकडा तारेवर टेकतो आणि सूर बंद होतो. हे सगळं प्रत्येक पट्टीला, आणि तेही एका निमिषात. पूर्वी कावळ्याची पिसं वापरत, आता बरेच जण डेलरिन नावाचं प्लास्टिक वापरतात. बाईंच्या वाद्यात दोन्ही होतं. काडी धारदार चाकूने किती तासायची यावर सुराचा सगळा पोत ठरतो, असं त्या म्हणाल्या. मला घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढणारे मिरजेचे कारागीर आठवले.

तेव्हा पियानो आणि हार्पसिकॉर्ड दिसायला भाऊ वाटले तरी कूळ वेगळं. पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे तार छेडली जाते. सतारीला कुणी कच्चं संतूर म्हणतं का?

पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज जवळजवळ तेवढाच, हा त्याचा दोष सांगतात. पण संगीत याच अडचणीतून घडलं. आवाज लहानमोठा करता येत नाही, म्हणून एखादा सूर उठवायचा तर त्यावर मुरकी घ्यायची, तो किंचित उशिरा लावायचा, किंवा आधीचा सूर सोडून मध्ये श्वासाएवढी जागा ठेवायची. फ्रान्सच्या फ्रान्स्वा कूपरँ या संगीतकाराने १७१६ मध्ये हे वाद्य वाजवायचं कसं यावर पुस्तकच छापलं. स्पेनमध्ये राहिलेल्या स्कार्लात्ती या इटालियन संगीतकाराच्या ५५५ सोनाटांपैकी, म्हणजे वाद्यरचनांपैकी, बहुतेक याच वाद्यासाठी आहेत आणि त्यातल्या काहींत स्पेनच्या गिटारीचा झणत्कार सरळ ऐकू येतो. आपल्या पेटीवरही मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती कित्येक वर्षं टिकली. त्या काळातही मैफलीत पेटी वाजतच होती, आणि तिच्या मर्यादेतूनच आपल्या पेटीवादकांनी स्वतःची चाल काढली.

(जाता जाता, क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्या आणखी एका जुन्या वाद्याबद्दल. पट्टी दाबल्यावर पितळेची पात तारेला जाऊन टेकते आणि बोट उचलेपर्यंत टेकलेलीच राहते. त्यामुळे दाबलेलं बोट हलवलं की सूर थरथरतो, आंदोलन घेतल्यासारखा. आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीत जाणार नाही. पट्ट्यांच्या वाद्यावर हे होतं हे मला साठीत कळलं!)

'साहजिकच मागे पडलं' हे मला सगळ्यात जास्त खटकलं. फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांच्या घरांतून जप्त केलेली कित्येक हार्पसिकॉर्डं पुढे पॅरिसच्या संगीत विद्यालयात थंडीत जळण म्हणून गेली. शंभर वर्षांनी लोकांना ती पुन्हा हवीशी झाली, तेव्हा करणारे हात उरले नव्हते. १९१२ मध्ये वांडा लांडोव्स्का या वादक बाईंसाठी पॅरिसच्या प्लेएल कंपनीने हार्पसिकॉर्ड केलं, ते पियानोसारखा जड सांगाडा घालून. लांडोव्स्कांनी त्यावर जग जिंकलं, पण जुन्या हलक्या पेटाऱ्याचा नाद त्यात नव्हता. पुढे १९४९ मध्ये बॉस्टनला फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी कार्यशाळा काढली. अँटवर्पच्या रुकर्स या जुन्या कारागीर घराण्याची आणि इतरांची उरलेली वाद्यं तपासून, फळीची जाडी मोजून, हा कसब पुन्हा हातात आणावा लागला.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपले नाटकातले ऑर्गन येतात. सांगली हे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते गाव. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यपदाला पायाने भाता चालवायच्या ऑर्गनची साथ. ही वाद्यं बहुतेक अमेरिकेतून आलेली. आपल्या पेटीत भात्याची हवा सुरांवर, म्हणजे आतल्या पितळेच्या पात्यांवर, ढकलली जाते, ऑर्गनमध्ये उलट हवा आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज गोल आणि मऊ येतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आणि हे वाद्य अडगळीत गेलं. चार वर्षांपूर्वी एका नाट्यसंस्थेने मला बोलावलं. गेलो तर ऑर्गनचं नुसतं खोकं उभं होतं, वर रंगाचे डबे. आतले सगळे सूर काढून पितळेच्या भावाने मोडीत घातलेले. ते अमेरिकन सूर आज कुणी करून देत नाही. मी त्या खोक्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिलो.

ज्यांच्याकडे, ज्या संस्थेकडे, ज्या शाळेच्या माळ्यावर असा ऑर्गन असेल त्यांनी एवढं करावं. भिंतीपासून हातभर लांब ठेवा, ओल भात्याच्या कापडाला खाते. आठवड्यातून दहा मिनिटं पायाने भाता चालवा, वाजवता येत नसलं तरी. सूर गळपटला तर सुताराकडून कानस मारून घेऊ नका. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासला गेलेला सूर पुन्हा भरून येत नाही.

सध्या माझ्या दुकानात एक ऑर्गन उघडून ठेवला आहे. भाता नवा केला, सगळे सूर धुऊन लावले. डाव्या बाजूचा एक खर्ज तेवढा चिरलेला निघाला. कुणाकडे मोडलेल्या ऑर्गनचे सूर डब्यात पडून असतील तर मोडीवाल्याला देण्याआधी मला दाखवावेत. मोडीवाला देईल त्याहून जास्त पैसे मी देईन. संपादकांकडे माझा पत्ता आहे.

आपला नम्र,
एक पेटी-कारागीर, सांगली