सुटलेल्या झेलांचा हिशेब

हॅरो, लंडन
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर सुटलेल्या झेलांवरून आपलं भांडण अर्धवट राहिलं. बाबा मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाहीत, म्हणून लिहायला बसले. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही.

बाबा, ३ ऑगस्टला इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीत ओव्हलवर सिराजने हॅरी ब्रूकचा झेल पकडला आणि तोल जाऊन सीमारेषेच्या दोरीवर पाय दिला, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून माडीवर निघून गेलात. आईने सगळं सांगितलंय. ब्रूक तेव्हा १९ वर होता, पुढे १११ करून गेला, जोडीला रूटचं शतक. "असल्या चुकीला माफी नाही" हे तुमचं म्हणणं. बरं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून मैदानावर गेले. त्यांना ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला ४ गडी. जेमतेम तासाभराचा खेळ, तरी लोक सकाळपासून रांगेत. ओव्हर्टनने पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले आणि माझ्या शेजारच्या काकांनी उघडलेला पराठ्यांचा डबा तसाच मिटून ठेवला. मग सिराज. स्मिथ गेला, ओव्हर्टन पायचीत. टंगचा त्रिफळा प्रसिधने उडवला. शेवटी वोक्स आला, निखळलेल्या खांद्याचा डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला, बॅट एकाच हातात. सगळं मैदान उभं राहिलं, आपलेसुद्धा. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण पळावं लागलं, आणि प्रत्येक धावेला त्याचा चेहरा बघवत नव्हता.

वोक्स पलीकडच्या टोकाला उभा असतानाच अ‍ॅटकिन्सनने सिराजला उंच मारला होता, तो आकाशदीपच्या हाताला लागून षटकार गेला. म्हणजे आणखी एक सुटला! सिराजने नुसतं बघितलं आणि परत धावपट्टीच्या टोकाला जायला लागला. मग तो यॉर्कर, उडालेला ऑफ स्टंप, आणि ६ धावांनी सामना आपला. धावांच्या हिशेबात भारताने इतक्या थोडक्यात कसोटी कधीच जिंकली नव्हती. मालिकेत १८५ षटकं टाकून झाल्यावर पाचव्या कसोटीच्या पाचव्या दिवशी यॉर्कर टाकायला काय लागतं, ते तुम्ही मला सांगा. ब्रूकचा झेल ही चूकच होती, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही झोपायला गेलात आणि तो गेला नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या हीलीने ८२ वर जेमिमाचा झेल सोडला, तेव्हा सांगलीत टाळ्या कोणी वाजवल्या? तेव्हा माफी कशी काय झाली? याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं होतं. तीच पोरगी ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ करते. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि २ बळी काढणारी शफाली तर मूळ संघातही नव्हती; प्रतिका जखमी झाली म्हणून आली. स्मृतीच्या ४५ बद्दल बोलत नाही, गावची आहे म्हणून तुम्ही पेढे वाटले असतीलच. विजय हजाऱ्यांचं नावही घेतलं असेल.

मला मात्र त्या रात्री सगळ्यात जास्त अमोल मुजुमदार दिसत होता. १९८८ ची ती गोष्ट तुम्हीच शंभर वेळा सांगितलीय: सचिन आणि विनोद कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते आणि पुढचा फलंदाज म्हणून हा पॅड बांधून बसला होता. पुढे रणजीच्या पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. तुमची गोष्ट इथेच संपायची आणि तुम्ही सुस्कारा सोडायचात. आता पुढचा भाग जोडावा लागेल, विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या पोरींचा प्रशिक्षक म्हणून.

आई, तुला कंटाळा आला असेल. तुझ्यासाठी 'अ‍ॅडोलसन्स' ही इंग्रजी मालिका. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता एका दमात चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या आरोपाखाली पोलीस घरातून उचलून नेतात. तुझ्या मालिकेत एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, इथे बापाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलतच नाही. तिसरा भाग एकटीने बघू नकोस. आणि तो पोरगा, ओवेन कूपर, याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभाच राहिला नव्हता, हे बघून झाल्यावर आठव.

'साबर बोंडं' सांगलीत लागला होता का? सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालेला आपला सिनेमा. वडील गेल्यावर सुतकाच्या दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, लग्नाचा लकडा लावणारे नातेवाईक, आणि त्याचा जुना मित्र. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, बाबा, आधीच सांगून ठेवते. पण तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. त्यात कोणी भाषण देत नाही.

एक पुस्तकही पाठवतेय, बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचं इंग्रजी भाषांतर, यंदाचं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेलं. दोनतीन कथांत लेखिका जरा जास्तच समजावून सांगते. पण भाषांतरकार दीपा भास्ती यांनी कन्नड शब्द तिरप्या टाइपात टाकले नाहीत, तळटीपा दिल्या नाहीत. वाचताना सारखी आजी आठवली, मराठीत बोलता बोलता कानडीत शिरायची आणि आपण समजून घ्यायचो. जतच्या मामींना आधी द्या, त्यांना मूळ कन्नडही मिळेल.

हे पत्र पोहोचेपर्यंत ईडनची कसोटी आटोपलेली असेल आणि गुवाहाटीची चालू असेल. आई, रिमोट तुझ्याकडे ठेव.

तुमची,
मनू

ता. क. भडंग संपलं.