गॅरेजची गोल्फखोली करून देणाऱ्या काकांस

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही थंडीच्या तोंडावर चिंचवडला परतलात, तेव्हा चेंडू मारायचा पडदा लागला होता, पण खोली गरम करायचं यंत्र सुरू व्हायचं होतं. तुम्ही उभी केलेली खोली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या खऱ्या हिवाळ्यात कशी चालते, हे तुम्हाला बघायला मिळालंच नाही. ते कळवायचं आहे आणि मनापासून आभार मानायचे आहेत. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. इथले बरेच मराठी मित्र विचारतात, "गॅरेजमध्ये सिम्युलेटर बसवायचाय, कुठला घेऊ?" सिम्युलेटर म्हणजे मारलेला चेंडू टिपून त्याचं पुढचं उड्डाण पडद्यावर दाखवणारं यंत्र. यंत्र निवडण्याआधी काय काय विचारायचं असतं, ते मला तुमच्याकडून कळलं. ते त्यांनाही कळावं.

इथं बर्फ पडला की मैदानं वसंतापर्यंत बंद. शाळेतल्या मुलींचा गोल्फचा हंगाम मात्र वसंतातच असतो आणि मार्चअखेर सराव सुरू होतो, तेव्हा जमिनीवर कधीकधी बर्फ असतोच. लेकीला हिवाळाभर हात चालू ठेवायला जागा हवी होती. त्यात ती डावखुरी, मी उजवा. तुम्ही गोल्फची काठी कधी हातात धरली नव्हती, पण पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला माप कसं घ्यायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

मी छताची उंची टेपनं मोजून सांगितली. तुम्ही म्हणालात, "छत मोजलंस, पोरीचा हात मोजलास का?" मग छतापासून वर्तमानपत्राच्या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर टांगल्यात आणि आम्हा दोघांना सगळ्यात लांब काठी, म्हणजे ड्रायव्हर, सावकाश फिरवायला लावलात. कुठली पट्टी हलते, ते तुम्ही खडूनं भिंतीवर लिहीत होतात. चटई आणि तिच्याखालचा लाकडी ओटा माणसाला वर उचलतो, तेवढी उंची छतातून वजा होते, हेही तुम्हीच आधी मांडलंत. नऊ फुटांखाली बहुतेकांना ड्रायव्हर मोकळेपणी फिरवता येत नाही, दहा फूट असले तर उत्तम, एवढं कुठंही वाचायला मिळतं. आमच्या घरात नेमकं काय बसतं, ते त्या पट्ट्यांनी दाखवलं.

आड येत होती ती गॅरेजचा दरवाजा उघडणारी मोटर, बरोबर डोक्यावर. ती काढून भिंतीवर बसणारी मोटर लावायची आणि दरवाजाचे रूळ छताला लागून वर न्यायचे, हे तुम्ही सुचवलंत. पण दरवाजाच्या वरच्या स्प्रिंगला हात लावायला निघालो, तेव्हा तुमचा आवाज चढला. दरवाजाचं सगळं वजन तोलायची ताकद त्या पिळात साठवलेली असते. ती एकदम सुटली तर हात जायबंदी होतो. "हे काम ज्याचं त्यालाच करू दे," म्हणालात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत मला शिडीवर चढू दिलं नाहीत. काका, त्या एका हट्टासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

आणि ती पाण्याची नळी! वितळलेल्या बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला दरवाजाकडे उतार असतो. उतारावर उभं राहून सराव केला तर पायांना तीच सवय लागते. माझ्याकडे पातळी बघायचा लेझर होता, तरी तुम्ही गवंड्याची पारदर्शक नळी पाण्यानं भरलीत, चारही कोपऱ्यांवर खुणा केल्यात आणि ओट्याखालच्या पट्ट्या निमुळत्या तासून घेतल्यात. खालून पाणी वाहायला वाटही ठेवलीत. आज चटईवर ठेवलेला चेंडू ठेवला तिथंच राहतो.

चेंडू टिपणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तुमचा एकच प्रश्न होता : "हे चेंडूला बघतं कुठून?" रडारवालं चेंडूच्या मागं ठेवतात आणि त्याला पुढं चेंडूच्या उड्डाणासाठीही अंतर लागतं, तेवढी लांबी आमच्याकडे नव्हती. बाजूला ठेवायचा कॅमेरा डावा-उजवा खेळाडू बदलला की दरवेळी हलवावा लागला असता. म्हणून छताला लागणारे कॅमेरे घेतले. महाग पडले, पण पडद्याची चौकट आपण विजेच्या तारांच्या लोखंडी पाइपची घरीच केली, तिथं पैसे वाचले. पाइपांवर जाड फोम चढवल्याशिवाय तुम्ही कुणालाही एकही चेंडू मारू दिला नाहीत. जेमतेम 46 ग्रॅमचा चेंडू, पण उघड्या पाइपवर आपटला तर थेट अंगावर येतो. पडदा इलॅस्टिक दोऱ्यांनी किंचित सैल टांगायचा आणि मागं फूटभर तरी मोकळी जागा सोडायची, म्हणजे चेंडू पडद्यावरून खाली गळतो, हे तुम्ही हातानं पडदा दाबून दाबून ठरवलंत.

आता हिवाळ्याचं. बाहेर उणे वीस सेल्सिअस असताना आत स्वेटरशिवाय खेळता येतं. दरवाजाच्या फटींना तुम्ही लावलेलं रबर घट्ट आहे. वीजजोडणीची तपासणी करायला आलेल्या शहराच्या निरीक्षकानं चौकट नीट निरखून पाहिली आणि "ही कुणी केली?" असं विचारलं. लेकीनं अभिमानानं तुमचं नाव सांगितलं.

काकूंनाही नमस्कार सांगा. तुमच्या कितीतरी दुपारी आम्ही त्यांच्याकडून घेतल्या, आणि वर त्यांचीच थालीपिठं खाल्ली.

पुढल्या खेपेला जरा जास्त दिवस काढून या. लेक तुम्हाला पटिंग, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालणं, शिकवणार आहे, आणि तुमच्या उंचीला बसेल अशी उजव्या हाताची काठी तिनं आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे.

तुमचा,
मिनेसोटातला शेजारी