काट्यावरून पत्र

लातूर, नोव्हेंबर २०२५

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ‘मुलगा तिकडे साक्ष देतो की नाही’, म्हणजे येशूविषयी लोकांना सांगतो की नाही, असे विचारले आणि बाबा गप्प राहिले, हे आईकडून कळले. बाबा, त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून लिहितो.

सोयाबीनचा मूठभर नमुना यंत्रात घालून ओलावा, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘हवा’, मोठ्याने सांगणे हे माझे काम. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असते. आमच्या मालकांच्या खरेदीत मात्र १० च्या वर प्रत्येक टक्क्याला वजनात कट लागतो. वीस क्विंटलवर दोन टक्के वाढवून सांगितले, की चाळीस किलो माल बोलता बोलता जातो. यंदाच्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते दोन हजारांहून अधिक होतात. आणि यंत्राचा पडदा शेतकऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे वळलेला असे.

पहिल्या हंगामात मालकांच्या सांगण्यावरून मी ११ चे १२ सांगत होतो. हे मी तुम्हाला कधी कळवले नाही. थैलीत लहान आणि मोठी अशी दोन वजने ठेवू नयेत ही बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातील आज्ञा मला पाठ होती, पण तिने मला अडवले नाही. अडवले ते एका आठवणीने: जालन्याच्या दुकानात झंपर शिवून झाल्यावर उरलेल्या कापडाची पुरचुंडी तुम्ही त्याच झंपराला टाचणीने लावून देत होता, अगदी बोटभर पट्टीसुद्धा. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवणारा पौल तुम्हाला ‘आपल्या धंद्यातला’ वाटायचा, तेही आठवले.

खोटा आकडा सांगणार नाही असे म्हटल्यावर मला दोन महिने बारदाना मोजायला बसवले. (त्या दिवसांत मी फार धीराने वागलो, असे आईला वाटू नये; रोज चिडत होतो.) माझ्या जागी आलेला मुलगा काम सोडून गेला, तेव्हा मला परत बोलावले आणि मी पडदा शेतकऱ्याकडे वळवला.

गेल्या आठवड्यात औशाकडचे एक काका आकडा बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “माळकरी आहात का?” मी म्हणालो, “नाही काका, मी ख्रिस्ती आहे.” गळ्यातली तुळशीची माळ चाचपत ते म्हणाले, “म्हणजे तुमच्यातबी हे चालत नाही तर!” मग येशू कोण, हे त्यांनीच विचारले. सुताराच्या घरात वाढला, स्वतःही सुतारकाम करायचा, एवढेच माझ्याकडून सांगून झाले, तोवर त्यांच्या मालाच्या हिशेबाची पट्टी आली.

काल ते दुसरी खेप घेऊन आले आणि नमुना देण्याआधीच म्हणाले, “त्या सुताराचं पुढं काय झालं?” मागे ट्रॅक्टरची रांग लागली होती, म्हणून हंगाम सरल्यावर त्यांच्या शेतावर येऊन सांगतो, असा शब्द दिला आहे. त्यामुळे नाताळला येताना एक मुक्काम औशाला होईल.

तुमचा,
मुलगा