एडिंबरातल्या अनामिक दुर्बीणवाल्यांचे आभार
एडिंबरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती आपली 8 इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) विश्वासाने देणाऱ्या, नावही न सांगणाऱ्या आकाशप्रेमींनो, मनापासून आभार. दुर्बीण उबदार खोलीतून बाहेर काढली की आरसा निवायला पाऊण तास द्यायचा, नाहीतर आरशावरच्या गरम हवेने गुरू ग्रह उकळल्यासारखा दिसतो, हे तुम्हीच शिकवलंत. आधी 25 मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), म्हणजे कमी मोठं दाखवणारी, मग जास्त मोठं दाखवणारी 10 ची. आरशावर दव धरलं तर कापडाने मुळीच पुसायचं नाही, त्याच्या चकचकीत लेपावर ओरखडे उठतात. त्यापेक्षा कॅम्पिंगच्या चटईची, दुर्बिणीच्या व्यासाच्या दीडपट लांबीची नळी तिच्या तोंडाशी आधीच गुंडाळायची. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, इथे 56 वर! दक्षिणेकडचा अगस्त्य तारा मात्र इथून उगवतच नाही. जूनमध्ये पुरता अंधार पडत नाही, म्हणून ऐन हिवाळ्यात कुडकुडत तुम्ही विद्यार्थ्यांसोबत जागलात.