वाघोबाशी दोस्ती अशी होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला थायलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. सोबतच्या फोटोत एक कुटुंब वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊन बसलं आहे. खाली ओळ आहे, ‘वाघोबाशी दोस्ती’. राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी मिरजेची. भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आमच्याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, त्यामुळे सर्कशीचं आम्हाला भारी कौतुक. सांगलीत तंबू लागला की वडील आम्हा भावंडांना हमखास न्यायचे. स्टुलावर चढून बसलेल्या सिंहासाठी मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या आहेत.

गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत डेन्व्हरला गेले होते. तिथून तासाभराच्या अंतरावर, कीन्सबर्ग गावाजवळच्या उघड्या माळावर ‘द वाइल्ड ॲनिमल सँक्चुअरी’ आहे. पॅट क्रेग यांनी १९८० मध्ये ती सुरू केली. सर्कशीतून, बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयांतून आणि लोकांनी हौसेपोटी घरामागे ठेवलेल्या पिंजऱ्यांतून सोडवलेले वाघ, सिंह, अस्वलं तिथे राहतात. पाहुण्यांनी चालायचं ते मैलभराहून लांब अशा उंच पुलावरून. खालून, कुंपणापाशी माणसं आली की जनावराला आपल्या हद्दीत कुणी घुसल्यासारखं वाटतं. डोक्यावरून गेली तर ते फारशी दखल घेत नाही. ही साधी गोष्ट ओळखून सगळी रचना केली आहे. हात लावायचा प्रश्नच येत नाही. दुर्बीण घ्यायची आणि थांबायचं.

मी एका वाघिणीपाशी थांबले. तिच्यापुढे एकरभर माळ पसरला होता, पण ती कुंपणाच्या एका कोपऱ्यात सहा पावलं जायची, वळायची, सहा पावलं परत यायची. तेवढ्याच पट्ट्यातलं गवत झिजून माती उघडी पडली होती. पुलावरच्या स्वयंसेविका बाई म्हणाल्या, तिचा पिंजरा तेवढाच होता. काही जनावरांनी तर गवतच पाहिलेलं नसतं, पहिल्यांदा त्यावर पाय टाकायलाही ती घाबरतात. मी पाऊण तास उभी होते. मग ती एकदाची थबकली, माळाकडे वळली आणि चांगली पन्नासेक पावलं चालत जाऊन उन्हात पाठीवर लोळली. माझ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

तिथेच बोलिव्हियाचे सिंह आहेत. त्या देशाने २००९ मध्ये सर्कशीत प्राणी वापरायला बंदी घातली आणि २०११ मध्ये २५ सिंह विमानाने इथे आणले गेले. संध्याकाळी एकाने डरकाळी दिली आणि पाठोपाठ सगळेच सुरू झाले. लहानपणी तंबूत ऐकलेला आवाज तो नव्हताच. तेव्हा जे ऐकलं, ते चाबकाला दिलेलं उत्तर होतं हे मला त्या पुलावर कळलं.

आता त्या फोटोतल्या पिल्लाबद्दल. मांडीवर बसवण्याजोगं ते जेमतेम काही आठवडे असतं. त्यासाठी त्याला दूध पिण्याच्या वयात आईपासून तोडतात. मोठं झालं की ते त्या धंद्याच्या उपयोगाचं राहत नाही, मग पुढचं पिल्लू लागतं. थायलंडमधल्या ज्या मंदिरात पर्यटक वाघांसोबत फोटो काढायचे, तिथून २०१६ मध्ये १३७ वाघ हलवले गेले, आणि फ्रीजरमध्ये ४० मेलेली पिल्लं सापडली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून वाघ-सिंहांच्या पिल्लांना लोकांनी हाताळणं बंद केलं. आपल्याकडे सर्कशीत वाघ-सिंह नाचवायला मनाई करणारी १९९८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उचलून धरली. जे आपण आपल्या गावात बंद केलं, त्यासाठी परदेशात जाऊन तिकीट का काढायचं?

त्या कुटुंबाला मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नसणार. पण आपला अंक आमच्या घरात ४० वर्षं येतो आहे, म्हणून हक्काने दोन गोष्टी मागते. असे फोटो पुरवणीत छापू नयेत. आणि सहलीला निघणाऱ्यांनी टूरवाल्यांना कार्यक्रमातून पिल्लांसोबत फोटो काढायची अशी ठिकाणं वगळायला सांगावं, एवढं एखाद्या रविवारी ठळक चौकटीत छापावं. मे महिन्याच्या सहलींची नोंदणी सुरू होण्याआधी छापलंत तर फार बरं होईल.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज